चाळिशीनंतर शिक्षकी पेशा: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, फलटण, मिरज, विटा या भागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक पस्तिशी ते पन्नाशीतले. कुणाची एमआयडीसीतली नोकरी गेली आहे, कुणी फौजेतून परतलंय, कुणाची मुलं कॉलेजात गेल्यावर हात मोकळे झालेत, तर कुणाचं जुनं डी.एड. ट्रंकेत पडून आहे. सगळ्यांना माझं सांगणं एकच असतं: फी भरायच्या आधी वय मोजा. आपल्या वयाला कोणतं दार उघडं आहे हे समजेपर्यंत बी.एड.चा फॉर्म भरू नका. खाली दिलेले नियम शासन अधूनमधून बदलतं, त्यामुळे अर्ज करताना त्या वेळच्या जाहिरातीत असेल तेच खरं.

१. माझं वय ४२ आहे. आता शिक्षक होता येईल का?

होता येईल. सरकारी शिक्षक होता येईल का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात.

बी.एड.च्या प्रवेशाला कमाल वय नाही. शाळेसाठीच्या टीईटी परीक्षेला नाही, कॉलेजात शिकवण्यासाठीच्या सेटलाही नाही. वय आडवं येतं ते नेमणुकीच्या वेळी. राज्याच्या सेवेत येण्याची सर्वसाधारण मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे आणि जिल्हा परिषदेची शिक्षकभरती याच चौकटीत होते. कोरोनामुळे भरत्या रखडल्या म्हणून २०२३ मध्ये २ वर्षांची सवलत दिली होती, ती त्याच वर्षाअखेर संपली. पुन्हा मिळेल या आशेवर घर चालत नाही.

म्हणजे ४२ व्या वर्षी मागास प्रवर्गातून फार तर एखादी भरती हाताशी राहते. खुल्या प्रवर्गाला जिल्हा परिषदेचं दार बंद झालेलं असतं. बाकीची दारं प्रश्न ६ पासून पुढे आहेत. माजी सैनिकांचा हिशेब निराळा, तो प्रश्न १२ मध्ये.

२. कोणत्या वर्गाला काय शिक्षण लागतं? डी.एड., बी.एड., टीईटी, टेट, सगळा गोंधळ झालाय.

पहिली ते पाचवीला बारावी आणि डी.एल.एड. लागतं. जुन्या डी.एड.चंच हे नवं नाव. त्याच्या प्रवेशाला बारावीत खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४४.५ टक्के हवेत. सहावी ते आठवीला पदवी आणि सोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

पहिली ते आठवीपर्यंत शिकवायचं तर याच्या जोडीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, मागासवर्गीयांना ५५ टक्के मिळाले की पास.

टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, दोन तास. यात पास-नापास नसतं. तुमचे गुण भरतीच्या गुणवत्ता यादीत धरले जातात. टीईटीने तुम्ही रांगेत उभे राहता, तुमचा नंबर कितवा ते टेट ठरवते.

आणखी एक गोष्ट, जी सांगितल्यावर बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी तसा निकाल दिला. लहान मुलांनाच शिकवायचं मनात असेल तर बी.एड.च्या वाटेला जाऊ नका.

३. माझं डी.एड. २००८ सालचं आहे. ते अजून चालतं का?

चालतं. पदविकेला मुदत नसते. जुनं एक वर्षाचं बी.एड.सुद्धा ग्राह्य आहे.

तुमच्या बॅचचं नशीब मात्र खोटं निघालं, हे मान्य करायला हवं. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षकभरती थांबली. पहिली महाटीईटी २०१३ च्या डिसेंबरात झाली, पहिली टेट २०१७ च्या डिसेंबरात. २००८ ला बाविशीत असलेली मुलगी टेटला बसेपर्यंत एकतीस वर्षांची झाली होती. घरात 'तुझ्या डी.एड.चं काय झालं' असं कुणी टोचून विचारत असेल, तर हे सालवार सांगून टाका.

टीईटी झालेली असेल तर तीही चालते. पूर्वी प्रमाणपत्राला ७ वर्षांची मुदत होती. २०२१ मध्ये ती काढून प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं आणि जुन्या प्रमाणपत्रांनाही ते लागू केलं.

४. टीईटी पास झाले. आता नोकरी कुठून मिळते?

जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका आणि खासगी अनुदानित शाळा, या सगळ्यांची भरती 'पवित्र' पोर्टलवरून होते. त्यासाठी टेट द्यावी लागते. टेट दरवर्षी होत नाही: २०१७, मग एकदम २०२३, मग २०२५. वय काठावर असलेल्यांचा घात इथेच होतो.

पोर्टलवर मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे दोन प्रकार असतात. खासगी संस्थांनाही उमेदवार पोर्टलवरूनच मिळतात.

निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला महिना १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. त्यानंतर वेतनश्रेणी लागते. मूळ वेतन प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचं २९,२०० पासून, माध्यमिकचं ३८,६०० पासून, वर भत्ते. निवृत्ती ५८ ला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नसल्यामुळे ४१ व्या वर्षी लागलेल्याच्या हातात निवृत्तीनंतर काय पडेल, याचा कागदावर हिशेब करूनच इतर नोकरीवर पाणी सोडा.

५. वीस वर्षं पुस्तक हातात धरलं नाही. टीईटीचा अभ्यास कुठून सुरू करू?

बालभारतीच्या पुस्तकांपासून. क्लासवाल्यांची जाडजूड गाईडं नंतर. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण आहेत. दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एकाला ६०.

माझ्या पाहण्यात या वयातले लोक मानसशास्त्राला उगीच घाबरतात आणि गणितात मार खातात. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना पियाजे आणि वायगॉट्स्की काय म्हणतात ते दोन वाचनांत उमगतं. काळ-काम-वेगाचं तसं नाही. सातवीचं गणिताचं पुस्तक घ्या, उदाहरणसंग्रह पहिल्यापासून वहीत सोडवा, घड्याळ लावून. मोबाईलवर सोडवलेलं बघणं म्हणजे सोडवणं नाही.

६. सरकारी जागेचं वय निघून गेलं. मग कोणत्या शाळा उरतात?

स्वयंअर्थसहाय्यित आणि विनाअनुदानित शाळा, त्यात इंग्रजी माध्यमाच्या आणि सीबीएसईच्या. तिथे वयापेक्षा विषय आणि बोलणं बघतात. गणित, विज्ञान, इंग्रजी या विषयांना मागणी कायम आहे. पण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही असा एक विषय आहे: मराठी. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, कोणत्याही बोर्डाच्या असल्या तरी, मराठी शिकवणं सक्तीचं झालं. सीबीएसई शाळेत इंग्रजी फाडफाड बोलणारे पुष्कळ मिळतात, पण व्याकरण आणि निबंध नीट शिकवणारी, वह्या खरोखर तपासणारी मराठीची बाई शोधावी लागते. बी.ए. मराठी, बी.एड. असलेल्या बायका 'आम्हाला इंग्रजी येत नाही' म्हणून अर्जच करत नाहीत. करा.

बायकांसाठी अजून एक वाट आहे. केंद्रीय विद्यालयांची वयोमर्यादा प्राथमिकला ३०, पदवीधर शिक्षकाला ३५, पदव्युत्तरला ४०. पण भरतीच्या जाहिरातींत स्त्रियांना १० वर्षांची सवलत असते. म्हणजे ४४ वर्षांची पदवीधर बाई अर्ज करू शकते. त्यासाठी राज्याची टीईटी नाही, केंद्राची सीटीईटी लागते. नेमणूक देशात कुठेही मिळते, हे घरात आधी बोलून घ्या.

जाहिराती एप्रिल ते जूनमध्ये 'ऐक्य', 'पुढारी' अशा दैनिकांत 'पाहिजेत' म्हणून येतात. पण अर्ध्या जागा जाहिरात येण्याआधीच तोंडी भरलेल्या असतात. मार्चमध्ये बायोडाटा घेऊन स्वतः शाळेत जावं. शिपायाकडे ठेवून येऊ नका, मुख्याध्यापकांची पाच मिनिटं मागा. आणि मधल्या वर्षांत काय केलं ते बायोडाटात सरळ लिहा. 'अकरा वर्षं पतसंस्थेत कॅशियर' ही ओळ गणिताच्या शिक्षकाला शोभून दिसते.

७. डेमो लेक्चरला बोलावलंय. काय करतात तिथे?

बहुतेक ठिकाणी वीस मिनिटं देतात. कधी खरा वर्ग असतो, कधी नुसते संस्थेचे तीन-चार लोक बाकांवर विद्यार्थी होऊन बसतात. खरा वर्ग मिळाला तर नशीब समजा. मुलं तुम्हाला सांभाळून घेतात, संचालक सांभाळून घेत नाहीत.

मोठ्या वयाचे उमेदवार एकाच जागी अडखळतात: पहिली सात-आठ मिनिटं स्वतःची ओळख, अनुभव आणि शिक्षणाचं महत्त्व यातच जातात. मिरजेच्या एका शाळेत मी बसले होते तेव्हा एक गृहस्थ आले. पूर्वीचे दुकानदार, विषय टक्केवारी, इयत्ता सातवी. आत येऊन नाव सांगितलं, खडू घेतला, फळ्यावर लिहिलं: 'छापील किंमत ८००, सूट १० टक्के, त्यावर आणखी १० टक्के.' आणि विचारलं, 'एकूण सूट किती?' अख्खा वर्ग ओरडला, 'वीस!' ते काही बोलले नाहीत. एका पोरीला पुढे बोलावलं आणि तिच्याकडूनच आकडेमोड करून घेतली. ७२०, मग ६४८. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज, 'सर, मग बाकीचे आठ रुपये कुठे गेले?' त्या आठ रुपयांवर उरलेला तास गेला. त्यांची निवड झाली.

तर एकच छोटा मुद्दा घ्या, फळ्यावर अक्षर मोठं काढा आणि एखाद्या मुलाला तरी फळ्याजवळ आणा. प्रोजेक्टर लावणार असाल तर तो बंद पडला तर काय, याची तयारी ठेवा.

८. खासगी शाळेत पगार किती असतो? नेमणूक घेताना काय बघायचं?

शाळेगणिक फरक आहे. प्रश्न ४ मधल्या शिक्षण सेवकाच्या मानधनापेक्षाही कमी देणाऱ्या शाळा दोन्ही जिल्ह्यांत आहेत, हे धरूनच चाला. आकड्यापेक्षा या गोष्टी आधी विचारा: मे महिन्याचा पगार मिळतो का, की जून ते एप्रिलचीच ऑर्डर आहे? पगार बँकेत जमा होतो का? सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा, असं तर नाही ना? पीएफ कापतात का? बसड्युटी, सुट्टीतले प्रवेश मोहिमेचे फेरे किती?

मूळ प्रमाणपत्रं कुणालाही ठेवायला देऊ नका. 'फाईलला लावतो' म्हणून मूळ सनद ठेवून घेणारे आहेत आणि नोकरी सोडताना ती परत मिळवताना नाकी नऊ येतात. साक्षांकित प्रत द्यायची, मूळ दाखवून परत घ्यायची.

९. 'संस्थेत जागा आहे, अमुक लाख भरा, वर्षात ग्रँटवर घेतो' असं सांगतात. भरावेत का?

नाही.

कारण कळलं पाहिजे, नाहीतर पाहुण्यांच्या ओळखीने आलेला माणूस पुन्हा मन वळवतो. अनुदानित जागेवरच्या माणसाला पगार द्यायचा तर शासनाला त्याच्या नेमणुकीला मान्यता द्यावी लागते, मग शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत त्याचा आयडी निघतो, तेव्हा पगार सुरू होतो. शिक्षकांची भरती पवित्र पोर्टलवरून आहे. पोर्टल टाळून संस्थेने हातात दिलेल्या ऑर्डरला मान्यता कशावर मिळणार? ती 'प्रोसेसमध्ये' राहते. वर्षामागून वर्ष माणूस फुकट राबतो, दर उन्हाळ्यात शिक्षणाधिकारी कार्यालयाचे जिने चढतो आणि वय वाढत जातं. मागची तारीख टाकून ऑर्डर देऊ असं कुणी म्हणालं तर तो सरळ गुन्हा आहे, आणि चौकशी लागली की सही तुमची असते. २०२५ मध्ये नागपूरकडे बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण गाजलं, त्यात अटकाही झाल्या.

'टप्पा अनुदान' हा शब्दही असाच फिरवतात. २०, ४०, ६० टक्के असं टप्प्याने अनुदान मिळतं हे खरं. पण ते शाळेला आणि मान्य पदाला मिळतं, तुम्ही दिलेल्या पाकिटाला नाही. शाळा खरी आहे का, तिला कोणती मान्यता आहे, हे यू-डायस क्रमांकावरून, म्हणजे शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकावरून, बघता येतं. तो क्रमांक विचारताच बोलणं बदललं, तर चहा संपवून उठा.

जमीन विकून पैसे भरलेली घरं मला माहीत आहेत. त्यांचे पैसे परत आलेले माझ्या ऐकिवात नाहीत.

१०. या वयात बी.एड. करावं का? नोकरी सांभाळून होईल का?

नियमित बी.एड. दोन वर्षांचं आहे. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के, मागासवर्गीयांना ४५ टक्के आणि राज्याची सीईटी. हजेरी ८० टक्के, शाळेतल्या अनुभवाच्या काळात ९० टक्के, आणि हा काळ किमान २० आठवडे. पाठ घ्यायचे, टाचणं काढायची, साहित्य बनवायचं. दिवसभराची नोकरी सांभाळून हे होत नाही. होतं असं सांगणारे 'नॉन-अटेंडिंग'चं गिऱ्हाईक शोधत असतात. दुसऱ्या राज्यातून घरबसल्या पदवी आणून देणाऱ्यांपासून लांब राहा. पडताळणीत अशी पदवी टिकत नाही.

मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सगळ्यांना खुलं आहे असा समज आहे. ते नाही. ते आधीच प्रशिक्षित असलेल्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांचं डी.एड. झालंय ते. प्रश्न ३ वाल्यांनी मात्र तिकडे जरूर बघावं.

एक वर्षाच्या बी.एड.चा मसुदा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, तो पदव्युत्तर किंवा चार वर्षांची पदवी असलेल्यांसाठी आहे. एम.ए., एम.एस्सी. असाल तर सीईटीचा फॉर्म भरण्याआधी त्याची स्थिती पाहून घ्या.

आता माझं मत. वय ३५ च्या आत असेल आणि घरात दोन वर्षांचा खर्च भागवणारं कुणी असेल तर करा. साताऱ्यात रयतचं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आहे, सांगलीकडेही महाविद्यालयं आहेत, रोज जाऊन-येऊन होतं. चाळिशीपुढे असाल तर आधी एक शैक्षणिक वर्ष कुठेतरी शिकवून बघा: शेजारच्या क्लासमध्ये, बालवाडीत, शाळेत रजेच्या जागेवर. ऑगस्टपर्यंत घसा बसतो आणि दिवाळीपर्यंत उत्साह ओसरतो. त्यानंतरही सोमवारी वर्गात जावंसं वाटलं तर फी भरा. कर्ज काढून मात्र नको. या वयात मिळणाऱ्या शाळेच्या पगारातून बी.एड.चं कर्ज फेडणं अवघड आहे.

११. कुपवाड एमआयडीसीत बावीस वर्षं मशीनशॉपला होतो, युनिट बंद झालं. शिक्षण डिप्लोमा. माझ्यासारख्याला कोण शिक्षक करणार?

तुम्हाला बी.एड.ची गरज नाही. तुमची शाळा म्हणजे आयटीआय. शिल्प निदेशकाला डिप्लोमा किंवा आयटीआय आणि कामाचा अनुभव बघतात, वर एक वर्षाचा निदेशक प्रशिक्षणाचा कोर्स (सीआयटीएस) झालेला असेल तर वजन वाढतं. सरकारी कायम जागेला प्रश्न १ मधली वयाची अट आहेच. पण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, आणि खासगी आयटीआयमध्ये अनुभवी माणूस हवा असतो. जुलै-ऑगस्टच्या प्रवेशाआधी प्राचार्यांना भेटा. समग्र शिक्षा अभियानात माध्यमिक शाळांतही ऑटोमोबाईल, मल्टी-स्किल असे विषय असतात, त्यांचे प्रशिक्षक कंत्राटी घेतात.

भेटायला जाताना प्रमाणपत्रांबरोबर स्वतः केलेल्या एखाद्या जॉबचं ड्रॉइंग न्या. ज्याने खरोखर लेथवर मायक्रोमीटर लावून काम केलंय तो पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो.

१२. मी माजी सैनिक आहे. सतरा वर्षं सेवा. मला वयाची सवलत किती?

राज्याच्या भरतीत माजी सैनिकाला सेवेची वर्षं अधिक ३ इतकी वयात सूट मिळते, आणि गट 'क'च्या पदांत १५ टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे अपशिंग्यासारख्या गावातल्या ज्या घराघरांत फौजी आहेत, तिथल्या ४५ वर्षांच्या माणसाला झेडपीचं दार अजून उघडं असू शकतं. मात्र डी.एल.एड. किंवा बी.एड., टीईटी आणि टेट यांतून सुटका नाही.

इथे एक अडचण नेहमी येते. १५ वर्षांच्या सेवेनंतर मिळणारं पदवी समकक्ष प्रमाणपत्र काही नोकऱ्यांना चालतं, पण बी.एड.च्या प्रवेशाला विद्यापीठाची पदवी लागते. ती नसेल तर आधी तिच्या मागे लागा. सैनिकी शाळांत वॉर्डनसारख्या कंत्राटी जागांना पन्नाशीपर्यंत घेणाऱ्या जाहिराती येतात, साताऱ्याची सैनिक शाळा घराजवळच आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलेलं असू द्या.

१३. एम.ए. आहे. कॉलेजात शिकवता येईल का?

वरिष्ठ महाविद्यालयाला पदव्युत्तरला ५५ टक्के आणि सेट किंवा नेट लागते. दोन्हींना सहायक प्राध्यापकासाठी वयाची अट नाही. नेटची फेलोशिप वेगळी, तिला आहे. पास झाल्यावर बहुतेकांना तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर काम मिळतं. तासांचेच पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि तेही उशिरा. घरात दुसरा पगार असेल तर आनंदाचं काम आहे. एकट्यावर घर असेल तर यावर विसंबू नका.

१४. शाळा नको, घरीच क्लास काढला तर?

चाळिशीपुढच्या माणसाला सगळ्यात लवकर पैसे दिसतात ते इथे. परवानगीची फार कटकट नाही. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या सूचना ५० पेक्षा जास्त मुलं असलेल्या कोचिंग सेंटरसाठी आहेत, घरातल्या पंधरा मुलांना त्यांचा जाच नाही. जीएसटीचा प्रश्न वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे.

दहावीचं गणित-विज्ञान घेऊन मोठ्या क्लासेसशी टक्कर घेऊ नका. आपल्याकडे नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा, सैनिक शाळेची परीक्षा, शिष्यवृत्ती आणि आठवीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा यांचं वेड आहे. खेड्यातला बापसुद्धा त्यासाठी फी देतो, कारण खावलीच्या किंवा पलूसच्या नवोदयात पोरगं लागलं तर बारावीपर्यंतची चिंता मिटते. या परीक्षांना बी.एड. नाही, चिकाटी लागते.

एक बंधन लक्षात ठेवा: शाळेत शिक्षक म्हणून लागलात की खासगी शिकवणी घेता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये तसं स्पष्ट आहे.

१५. लग्नानंतर नाव बदललंय आणि मुलं तीन आहेत. कागदपत्रांत अडचण येईल का?

नावाची येत नाही, फक्त विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र तयार ठेवा आणि सगळे अर्ज एकाच नावाने भरा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर माहेरच्या बाजूने, वडिलांच्या कागदांवरून निघतात. नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर महिनाभराचा अवधी हाताशी ठेवा. जाहिरात आल्यावर धावाधाव केली तर दाखला मिळेपर्यंत मुदत संपते.

मुलांची अडचण मात्र खरी आहे. राज्याच्या लहान कुटुंबाच्या नियमानुसार २८ मार्च २००६ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर सरकारी नेमणूक मिळत नाही. त्याआधीच्या मुलांना हा नियम आडवा येत नाही. परीक्षेची फी भरून, टेटला चांगले गुण पाडून, कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर हे कळलेल्या बायका आहेत. खासगी स्वयंअर्थसहाय्यित शाळांना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागत नाही.

१६. मी आधीपासून अनुदानित शाळेत आहे, वय ४९, टीईटी नाही. नवीन निकालाने नोकरी जाईल का?

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, निवृत्तीला ५ वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं आहे. ज्यांची ५ वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना नोकरीसाठी सूट, बढतीसाठी नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला आहे. ४९ व्या वर्षी तुमची ९ वर्षं उरतात, तेव्हा फॉर्म भरा. तयारीसाठी प्रश्न ५.

१७. निवड झाली, पण नेमणूक लांबच्या तालुक्यात आली. घ्यावी का, बदली लवकर मिळते का?

सांगलीत जत आणि आटपाडी, साताऱ्यात पाटण, जावळी, महाबळेश्वर. नव्या माणसाला बहुधा यांतलंच काहीतरी मिळतं. बदली लगेच मिळेल असं धरू नका, शिक्षण सेवकाची तीन वर्षं तिथेच काढायची या हिशेबाने खोली बघा.

जतच्या सीमेलगतच्या गावांत पोरं घरी कन्नड बोलतात. पहिलीच्या वर्गात तुमचं मराठी त्यांना परकं असतं, चार वाक्यं शिकून गेलात तर पालकही सांभाळून घेतात. कांदाटी खोऱ्यात कोयनेच्या जलाशयापलीकडची शाळा मिळाली तर बामणोली-तापोळ्याकडून लाँच किंवा तराफ्याने जावं लागतं. पावसाळ्यात तो कधी बंद राहील याचा भरवसा नसतो, म्हणून तिथले शिक्षक आठवड्याचा शिधा, औषधं आणि एक बॅटरी बरोबर नेतात. गुडघ्याचा त्रास किंवा दम्याचा विकार असेल तर पसंतीक्रम भरतानाच विचार करा. गंभीर आजाराचं सक्षम प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र असेल तर ते समुपदेशनाच्या, म्हणजे शाळा निवडायला बोलावतात त्या, दिवशी मूळ प्रतीसह जवळ ठेवा, नंतर नेऊन दिलेला कागद फाईलमध्ये नुसता पडून राहतो.